बारावं लागलं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "शेखसाहेब, कोर्टातल्या गमतीजमती लिहा. वाचकांना विरंगुळा हवा असतो." मी विचारलं, "माझं नाव तुम्हाला कुणी दिलं?" ते जरा गडबडले. कुणीही फोन केला की मी आधी हेच विचारतो. संशय हा माझा स्वभाव, आणि चौतीस वर्षं सरकारनं मला तो पोसू दिला. बायको म्हणते, दूध निर्भेळ असलं तरी तुम्ही त्यात पाणी शोधून काढाल. गमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की त्यांच्या आधी एक कागद डोळ्यापुढे येतो आणि हटत नाही, म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहितो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कोर्टात भाषांतरकार होतो. कोर्ट कुठलं ते सांगणार नाही. आमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, घरात दख्खनी बोलायचे, शाळा उर्दू झाली आणि कॉलेज मराठी-इंग्रजी. निजामाच्या वेळचे इनामाचे आणि शेतीचे उर्दू कागद वाचायला माणूस हवा होता म्हणून मला घेतलं. पुढं ते कागद आटले. लेकरांवरच्या अत्याचारांचे खटले मात्र टेबलावर येत राहिले. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली की आरोपी हायकोर्टात अपील करतो. मग इथले कागद वर जातात आणि त्यातल्या मराठी मजकुराचं इंग्रजी करून द्यायचं काम माझ्याकडे यायचं.

अपील म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण लोकांची समजूत सिनेमातून झालेली असते. वरच्या कोर्टात साक्षीदार परत उभे राहत नाहीत. पोरीला बोलावत नाहीत, आईला बोलावत नाहीत. कुणी रडत नाही. दोन न्यायमूर्ती किंवा एकटे न्यायमूर्ती, समोर वकील, आणि मधे शिवलेल्या कागदांचा एक गठ्ठा, ज्याला आम्ही पेपरबुक म्हणतो. त्या गठ्ठ्यावरून ते दोन गोष्टी तपासतात: गुन्हा खरंच शाबीत झालाय का, आणि झाला असेल तर दिलेली शिक्षा बरोबर आहे का. शिक्षा ते कायम ठेवू शकतात, कमी करू शकतात. पण कायद्यानं कमीत कमी म्हणून जी ठरवून दिली आहे तिच्या खाली जाऊ शकत नाहीत. लेकरांच्या खटल्यांत ही तळाची हद्द पक्की बांधलेली आहे. म्हणून हुशार वकील तिथं डोकं आपटत बसत नाही. तो कलमच बदलून मागतो. कलम हलकं झालं की तळही खाली जातो.

कलम हलकं करायची एक ठरलेली जागा म्हणजे वय. गुन्ह्याच्या दिवशी लेकरू बाराच्या आत असेल तर शिक्षा जड, बारा पूर्ण झाली असतील तर त्याहून कमी. मी ज्या खटल्याबद्दल सांगणार आहे त्यात बाराच्या आत असेल तर पाच ते सात वर्षं, आणि बारा झाली असतील तर तीन ते पाच. एका वाढदिवसावर एवढं अंतर पडतं.

आणि वाढदिवस म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. मास्तर वस्तीवर जाणार, पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावणार. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. आई म्हणणार, पोळ्याच्या आसपासचं हाय. मास्तर लिहिणार, एक जून. साल असं टाकायचं की पहिलीत बसलं पाहिजे. वर्षानुवर्षं एक जूनच्या तारखा पाहून माझा शाळेच्या दाखल्यांवरचा विश्वास उडाला. माझी स्वतःचीही जन्मतारीख एक जून आहे. "त्यामुळे माझाही भरवसा धरू नका," असं मी ऑफिसात हसत हसत म्हणायचो.

भाषांतरकाराकडे पक्षकार येत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल. येतात. एक गृहस्थ दारात चप्पल काढून आत आले, पांढरे कपडे, डोक्याला टोपी, मागं एका माणसाच्या खांद्यावर सीताफळांची पाटी.

"पाटोद्याकडची हायेत साहेब, डोंगरातली. लई गोड."

"काम काय?"

"काम काय न्हाई. तुमचं नाव ऐकून आलतो. आमच्या पुतण्याचे कागद तुमच्याकडं आलेत म्हणं. तेवढं इंग्रजी जरा मऊ करा."

मी म्हणालो, "इंग्रजी मऊ किंवा कडक नसतं. मराठीत जे आहे तेच इंग्रजीत येतं. पाटी उचला."

"कावून येवढं रागावता? फळंच तर हायेत."

मी आवाज चढवला तेव्हा गृहस्थ गेले. पाटी मात्र व्हरांड्यात राहिली आणि आमचा शिपाई लिंबाजी ती रेकॉर्डरूममध्ये घेऊन गेला. दोन दिवस अख्खं ऑफिस सीताफळं खात होतं. मी खाल्लं नाही. मी खाल्लं नाही हे मी सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं, तेव्हा सगळे हसले.

त्या गृहस्थांचा पुतण्या पिठाच्या गिरणीचा मालक. गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या पलीकडं, असं समजा. मी जागा थोडी हलवली आहे आणि नावंही बदलली आहेत, कारण अशा खटल्यात लेकराची ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे. पोरीच्या आईला मी कौसाबाई म्हणतो. नवराबायको दर हंगामात ऊसतोडीला जायची. शाळा बुडू नये म्हणून पोरीला आजीजवळ ठेवायची. मार्गशीर्षात आजीनं तिला दळण आणायला पाठवलं. गिरणीत काय झालं ते मी लिहिणार नाही. ते इंग्रजीत लिहावं लागलं तेव्हाच मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

खालच्या कोर्टानं त्याला सात वर्षं दिली. आता वयाचा प्रश्न बघा. शाळेच्या दाखल्यावर एक जून, आणि साल असं की घटनेच्या दिवशी पोरगी साडेबारा वर्षांची होते. मुख्याध्यापकांनी साक्षीत कबूल केलं की तारीख अंदाजानं टाकली, जन्माचा कागद कुणी दिला नव्हता, कान तेवढा धरायला लावला होता. जन्माची नोंद कुठंच नाही, कारण पोरगी कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर, कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या खोपटात जन्मली. राहिली फक्त आईची साक्ष. आईनं सांगितलं, कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, आठ दिवस होते तेव्हा ही झाली. आणि गिरणीतल्या प्रकाराच्या वेळी "पोरीला बारावं लागलतं." न्यायाधीशांनी मुख्याध्यापकांचा दाखला बाजूला ठेवला आणि आईवर विश्वास ठेवला. म्हणून जड कलम, म्हणून सात वर्षं.

अपील गेलं. शिक्षा थांबवून जामीन द्या हा अर्ज नाकारला गेला आणि गिरणीवाला आतच राहिला. कागद माझ्याकडे आले, मी भाषांतर केलं, "खरे भाषांतर" म्हणून सही केली आणि गठ्ठा वर गेला. माझ्या लेखी ते प्रकरण संपलं होतं.

पुढच्या वर्षी चैत्रात कौसाबाई माझ्या टेबलापाशी उभी राहिली. तोवर मी तिला पाहिलेलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. सावळी, हडकुळी, हाताच्या तळव्यांना उसाच्या पात्यांचे जुने ओरखडे. पिशवीतून तिनं कागद काढले. अपील सुनावणीला आलं की हायकोर्ट आता पीडित लेकराच्या घरी नोटीस पाठवतं, तुमचं म्हणणं सांगा म्हणून, आणि सरकारी खर्चानं वकीलही देतं. वकील चांगल्या होत्या, पण छत्रपती संभाजीनगरात. त्यांनी अपिलाचा संच पाठवला होता, सगळा इंग्रजीत. पोलीस पाटलानं कौसाबाईला सांगितलं होतं, कोर्टात एक मुसलमान बाबू हाय, त्याला वाचून दाखवायला सांग.

मी वाचायला घेतलं. आरोपीच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. शाळेचा दाखला साडेबारा सांगतो. आई स्वतः शपथेवर सांगते की मुलगी बारा वर्षांची होती. दोन्ही पुरावे एका बाजूला असताना मुलगी बाराच्या आत कशी? हलकं कलम लावा. त्यात कमीत कमी तीन वर्षं आहेत आणि आरोपीनं त्याहून जास्त भोगली आहेत. तेवढी पुरे समजून त्याला सोडा.

मी तिला मराठीत सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, मी कवा म्हणले बारा?"

"इथं लिहिलंय."

"मी बारा न्हाई म्हणले."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. पहिला संशय तिच्यावरच आला, तो मी लपवत नाही. असे खटले मी पाहिले होते जिथं गावातली चार वजनदार माणसं मधे पडतात आणि आईबाप "आमचं मिटलं" म्हणून कागदावर अंगठा देतात. कायदा त्या मिटण्याला भाव देत नाही. तरी साक्षी मऊ पडतातच. मी विचारलं, "गिरणीवाल्यांकडून कुणी आलतं का घरी?"

"रोजच येतेत. चुलता येतो, सरपंच येतो. तो सुटला की पयल्या दिशी गिरणीत नारळ फोडनार म्हणतेत." ती टेबलाच्या जवळ सरकली. "साहेब, शाळंची वाट गिरणीवरूनच हाय. दुसरी न्हाई. पोरगी नववीत हाय. लई हुशार हाय, बाई म्हणत्यात. पर तो परत आला तर मी तिला शाळंत न्हाई धाडनार. सासू म्हणती लगीन लावून टाका. मलाबी दुसरं काय सुचंना झालंय."

माझ्या टेबलावर त्या दिवशी एवढंच होतं. एक पोरगी दहावीत जाणार का लग्नाच्या बोहल्यावर, हे इंग्रजीच्या एका ओळीवर आलं होतं. मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं.

मग मी शोध सुरू केला. मूळ कागद वर गेलेले, पण माझ्या कपाटात त्यांची एक प्रत होती. आधी मी कौसाबाईची मराठी साक्ष काढली. तिथं स्वच्छ अक्षरात होतं, "तिला बारावं लागलं होतं." म्हणजे बाई खरं बोलत होती. लगेच दुसरा संशय आला की वर गेलेलं इंग्रजी पान कुणीतरी बदललं. सीताफळवाले गृहस्थ माझ्या डोळ्यापुढे उभे राहिले. मी लिंबाजीला बोलावलं.

"माझ्या टेबलाला कुणी हात लावलता का?"

"कोन लावंल साहेब? तुमी टेबलाला कुलूप लावून चहाला जाता."

मी टायपिस्टला विचारलं. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. मी संचातल्या पानांचे नंबर तपासले, शिक्के तपासले, ओळींमधलं अंतर पट्टीनं मोजलं. पान बदललेलं नव्हतं. खाली सही होती आणि ती माझी होती. खोटी सही असेल म्हणून मी ती खिडकीशी धरून पाहिली. माझ्या सहीत शेवटी एक टिंब असतं, वडिलांच्या सहीतही असायचं. ते टिंब तिथं होतं. कपाटातल्या प्रतीवर माझ्याच पेन्सिलीनं तोच शब्द लिहिलेला होता. ट्वेल्व्ह.

खुर्चीत बसल्यावर मला सगळं आठवलं, आणि ते इतकं किरकोळ होतं की मला शिसारी आली. नोकरीच्या सुरुवातीला "बारावं लागलं", "सोळावं चालू आहे" असं काही आलं की मी इंग्रजीत लिहायचो, "रनिंग ट्वेल्व्ह". आमच्याकडचे सगळे जुने कारकून तसंच लिहायचे. एक नवे न्यायाधीश आले, मोठ्या शहरातले, इंग्रजीचे शौकीन. भरल्या चेंबरमध्ये त्यांनी माझं भाषांतर वाचलं आणि विचारलं, "शेख, ही मुलगी पळत कुठे चाललीय?" सगळे हसले. मीही हसलो. ते म्हणाले, "सरळ बारा वर्षं लिहा ना." त्या दिवसापासून मी सरळ लिहू लागलो. जमिनीच्या आणि पोटगीच्या दाव्यांत त्यानं काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणी बोट ठेवलं नाही. बारावं वर्ष चालू आहे असं लिहायला इंग्रजीत नीट शब्द आहेत, ते मला शाळकरी पोरासारखे पाठ होते. पण एकदा माझं हसू झालं होतं आणि त्या जागेपाशी आलो की मी विचार न करता पटकन पुढं सरकायचो. बारावं लागलं म्हणजे अकरा पूर्ण झाली, हे बीड जिल्ह्यात कुणालाही विचारा. आमच्या दख्खनीतही तसंच म्हणतात. मला कळत नव्हतं असं मी कुणाला सांगूही शकत नव्हतो.

जगातल्या प्रत्येक कागदावर मी संशय घेतला. स्वतःची सही दिसली की मात्र पुढचं पान उलटायचो.

पळवाट होती. कौसाबाईच्या वकिलांना फोन करून "मूळ मराठी एकदा बघा" एवढंच म्हणायचं होतं. वरच्या कोर्टातही मराठी वाचणारे बसतात, पण मोठ्या गठ्ठ्यात कुणी बोट ठेवल्याशिवाय त्या ओळीपाशी कोण थांबणार? बोट वकील ठेवतील, मी नामानिराळा राहीन, असा माझा हिशेब होता. निवृत्तीला चौदा महिने होते. मग वाटलं, वकिलांना दुसरं काम निघालं, सुनावणीच्या दिवशी तो मुद्दा राहून गेला, समोरच्यानं "हे प्रमाणित भाषांतर आहे" म्हणून सही दाखवली, तर? सही माझी आहे. ती मागं घ्यायची तर मीच घेतली पाहिजे.

मी आमच्या साहेबांकडे गेलो आणि लेखी कळवतो म्हणालो. साहेब भले होते. ते म्हणाले, "शेख, तुम्ही असं पत्र दिलंत तर चौकशी लागेल. चूक आरोपीच्या फायद्याची आहे. लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "मी त्यांच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो."

पत्र गेलं. त्यात मी लिहिलं की अमुक पानावरचं अमुक वाक्य मी चुकीचं भाषांतरित केलं आहे, मूळ शब्द हे आहेत, त्यांचा अर्थ वयाचं बारावं वर्ष सुरू झालं होतं असा आहे, आणि चूक सर्वस्वी माझी आहे. मग चौकशी लागली. चौकशीचे अधिकारी माझ्याच स्वभावाचे निघाले. आरोपीच्या चुलत्याला मी किती दिवसांपासून ओळखतो, पाटी कुणी ठेवून घेतली, मग फळं कुणी खाल्ली, हे सगळं नोंदलं गेलं. लिंबाजीची साक्ष झाली. तो घाबरून म्हणाला, "आमी सगळ्यांनीच खाल्ली, पर शेखसाहेबांनी खाल्ली न्हाईत. त्यांनी न्हाई खाल्ली हे तेच समद्यांना सांगत व्हते." अधिकाऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. निर्दोष माणूस असं सांगत का फिरेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी असतो तर माझ्याही चेहऱ्यावर तेच असतं. शेवटी पैसे-फळं काही शाबीत झालं नाही. निष्काळजीपणाबद्दल सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. ती योग्य होती. माझा अपमान झाला असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं, पण अन्याय झाला असं मी म्हणणार नाही.

चौकशी लागण्याआधीच, ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी, कौसाबाई आली होती, ते मात्र या सगळ्यापेक्षा जड गेलं. मी तिला बसायला खुर्ची दिली. ती खाली बसली. मी म्हणालो, "बाई, तुम्ही बरोबर सांगितलं होतं. इंग्रजी करताना चूक झाली. ती चूक माझी आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"चूक म्हंजी?"

"म्हणजे चुकून लिहिलं गेलं."

"चुकून." ती उठली. "मला सही येत न्हाई साहेब, पर येवढं कळतंय. काय दिलं त्यांनी तुमाला?"

"काही नाही. अल्लाची शप्पत, काही नाही."

"तर मग कावून केलं?"

न्यायाधीश हसले होते म्हणून, हे तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही. पैसे घेतले असते तर निदान तिला समजेल असं काही उत्तर तरी माझ्याकडे असतं. तिनं कागद गोळा करून पिशवीत कोंबले आणि ती गेली. जाताना पाय वाजवत गेली.

अपिलाची सुनावणी पावसाळ्याच्या तोंडावर झाली. पोरीला तोवर शाळेत ठेवा, दहावीत नाव घाला, एवढा निरोप मी वकीलबाईंमार्फत धाडला. तो त्या माउलीनं मानला की पोरगीच अडून बसली, कोण जाणे. निकालाची प्रत श्रावणात आली. वकीलबाईंनी ती माझ्याकडेच पाठवली, कारण कौसाबाईला दुसरं कुणी समजावून सांगणारं नव्हतं. मी प्रत आधी वाचली होती. कौसाबाई काय म्हणेल ते मी मनात दहा वेळा बोलून पाहिलं होतं. तिनं माफ केलं असं म्हणावं अशी माझी इच्छा होती, हे कबूल करतो.

ती आली, आणि एकटी आली नाही. सोबत शाळेच्या निळ्या-पांढऱ्या ड्रेसमधली पोरगी होती, दोन वेण्या वर बांधलेल्या, पाठीला दप्तर. जिच्याबद्दल मी पानंच्या पानं लिहिली होती ती ही. त्या पानांत तिला नाव नव्हतं, फक्त "पीडिता" होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या प्रतीकडे पाहिलं.

मी प्रत उघडली आणि म्हणालो, "बाई, कोर्टानं असं म्हटलंय की..."

कौसाबाईनं पानावर हात ठेवला.

"तुमी नका सांगू साहेब. ती वाचंल."

पोरगी उभ्या उभ्या वाचू लागली. बोट ओळीवर, ओठ हलतायत. अडखळत होती. शाळेतलं इंग्रजी वेगळं आणि कोर्टातलं वेगळं. एका शब्दापाशी ती थांबली आणि तिनं मान वर केली. मी तोंड उघडलं, तर आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. पोरगी पुन्हा खाली वाकली, मागचं वाक्य वाचलं, पुढचं वाचलं, आणि तिला तो शब्द लागला. लिंबाजी चहा घेऊन आला होता, तोही दारातच उभा राहिला. शेवटच्या दोन पानांना तिला पाव तास लागला असेल. माझं भाषांतर आजवर असं कुणी तपासलं नव्हतं, आणि हे तर माझं भाषांतरही नव्हतं.

"आई, त्यांनी मराठी बगितलं तुझं," ती म्हणाली. "तू म्हणलीस तेच खरं धरलंय. बाराच्या आतच धरलंय मला. कलम तेच ठिवलं."

"आन् शिक्षा?"

"कमी केली. सातची पाच. त्याचा पयला गुना हाय, म्हातारी आई हाय, आसं लिवलंय."

कौसाबाईचा चेहरा उतरला. जड कलमातही पाच हा तळ आहे, त्या तळापर्यंत कोर्ट आलं होतं. दोन वर्षं का उतरवली हे मी त्या निकालात तीनदा वाचलं होतं आणि मला ते पटलं नव्हतं, अजून पटत नाही. म्हाताऱ्या आया दोन्हीकडे असतात. पण माझं मत तिथं कुणी मागितलं नव्हतं.

"मग ऱ्हायली किती?" कौसाबाईनं विचारलं.

पोरीनं बोटांवर मोजलं. जेलात गेलेला महिना, आजचा महिना. एकदा मोजलं, मग परत मोजलं. मीही मनात मोजत होतो आणि तिचं बरोबर आलं.

"दीड वरीस आन् वर थोडं."

"दीड वरसानं येतोय मग तो," कौसाबाई म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, पोरीशीही नाही. "त्याच वाटंवर."

"येऊ दे की." पोरीनं प्रत मिटली, चार बाजूंनी कडा जुळवल्या आणि दप्तरात वह्यांच्या मधे ठेवली. "मार्चात माझी दहावी हाय. मंग मी अंबाजोगाईला होस्टेलला. दीड वरसानं मी कशाला असतीय तिथं?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग पदरानं नाक पुसलं आणि उठली. "चल, गाडी जाईल," एवढंच म्हणाली. दारात लिंबाजीनं त्यांना वाट दिली. चहा तसाच राहिला. दोघींपैकी कुणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या घरातला इंग्रजी कागद इथून पुढं कुणा शेखकडे वाचायला येणार नव्हता.